मुठीत, मुठेत

आधी कुणाच्या तरी मुठीत,
मग नऊ दिवस मुठेत.
झेड ब्रिजखालच्या गाळातून
अग्निशमनच्या सोनटक्क्यांनी कोयता वर काढला तेव्हा
"चिखल धुवू नका" एवढंच मी ओरडले.
ते म्हणाले, ताई, राहू दे त्याला.
आम्हाला तरी धुवा.

नदीच्याच पाण्याची बादली,
जीपमध्ये दोन्ही गुडघ्यांत धरून.
वाळला की गेलं सगळं.
ओल्याचं ओल्यातच बघायचं असतं.

पूर्वी काळी पूड असायची,
शिसपेन्सिलीसारखी चकाकणारी.
काम झालं की बेसिनमधून खाली,
आणि खाली म्हणजे कुठे
हे पुण्यात कुणाला विचारावं लागत नाही.
जिने साक्ष दिली
तिच्याच पोटात.

खासनीस मॅडमनी एका सोमवारी ती बाटली बंद केली.
म्हणाल्या, असं काही शोधा
जे ओतून देताना
मान खाली घालावी लागणार नाही.

सहा महिने काचेच्या पट्ट्या.
आमचीच बोटं, कपाळावरून फिरवायची,
टेकवायची, बुडवायची,
एक दिवस, चार दिवस, पंधरा.
करवंटीचा कोळसा जरा चालला
मग तळाशी जाऊन रुसला.
गेरूने अख्खी पट्टीच लाल केली.

मग रिठे.
मंडईतून पाव किलो. पावती नाही
म्हणून लेखा विभागाचं पत्र अजून फाइलला आहे.
रिठ्याचा फेस, त्यात वस्त्रगाळ हळद.
झाकण तेलकट असलं की हळद नेमकी तिथेच धरते,
हे आई ओट्यापाशी कधीची सांगत होती.
एम.एस्सी.लाही शिकवलं होतं,
फक्त तास चार लागले.

बोटाचं मीठ पाणी लगेच नेतं.
राहतं ते तेल:
केसांचं, नाकाच्या शेंड्याचं,
नकळत हाताला लागलेलं,
टाकून दिलेल्या वस्तूला चिकटून बसलेलं.

निळ्या दिव्याखाली कोयत्याची प्लॅस्टिकची मूठ.
आधी काहीच नाही.
शेवाळ, एक ओरखडा.
फेस ओघळला, आणि पिवळी रेघ,
तिच्याशेजारी दुसरी,
वळत, आत आत जात.
"चक्र," मॅडम म्हणाल्या
आणि खुर्ची न ओढताच बसायला गेल्या.
मी त्यांना सावरलं, मग दोघी मोजू लागलो.

अंगठा कुणाचा, ते इथे नाही लिहीत.
तारीख पडली आहे.

त्याच संध्याकाळी दत्तवाडीत, रेशनच्या दुकानात,
आईचा अंगठा यंत्रावर.
पुन्हा.
पदराला पुसून पुन्हा.
दुकानदार म्हणाला, मावशी, जरा तेल लावून या.
मागची बाई म्हणाली, आमचं दूध नासेल तोवर.
बत्तीस वर्षं एरंडवण्यातल्या चार घरांची भांडी.
पाणी खडकवासल्याचं,
म्हणजे मुठेचंच,
फक्त नळातून आलेलं.

रात्री मी तिचा हात ओढून घेतला.
स्टीलच्या ताटलीवर अंगठा टेकवला,
डब्यातून आणलेलं रिठ्याचं पाणी वर सोडलं,
निळी टॉर्च धरली.
ती हसत होती, गुदगुल्या झाल्यासारखी.

ठिपका उमटला.
नुसता पिवळा, गुळगुळीत,
कडेला दोन रेघा, त्याही चिरांच्या.

काय दिसलं गं?
तू, म्हटलं.
काहीतरीच तुझं, म्हणाली,
उरलेल्या पाण्यात माझा ॲप्रन बुचकळला,
घासला, पिळला,
आणि ते पाणी दारातल्या कोरफडीला घातलं.

दीड महिना झाला.
कोरफडीला नवा कोंब आहे.
धान्य मात्र
अजून मीच माझ्या अंगठ्यावर आणते.