एकेचाळिसावा मासा

माझं काम बादली धरण्याचं.
अंबोनच्या धक्क्यापासून कंपनीच्या कोठीपर्यंत
बासष्ट पायऱ्या,
आणि वर फ्लोरिस नावाचा वलंदेज
कुंचला ओला करून बसलेला.

बाप जाळ्यातला मासा
जिवंत सोडायचा बादलीत: पळ.
मी पळायचो.
पण रंग माझ्याहून चपळ.
विसाव्या पायरीला निळा जायचा,
चाळिसाव्याला शेपटीची किनार,
वर पोचेस्तोवर उरायचा
राखेच्या अंगाचा, तोंड उघडं टाकलेला
कुणीही.

मग फ्लोरिसच खाली आला.
बूट काठावर, फळी गळ्यात,
गुडघाभर पाण्यात उभा.
तरी पुरेना.
शेवटी म्हणाला, डोळे मीट. सांग.

मी सांगायचो:
लाल नाही. जायफळ फोडल्यावर
जायपत्रीला पहिल्यांदा हवा लागते, तो क्षण.
हिरवा नाही. पोपटी म्हणावं
तर आमचे पोपट तोंड लपवतील.
आणि या निळ्यावर नारिंगी रेघा
वळणावळणाच्या,
कुणी लिहायला शिकतंय
आणि अंग पुरत नाहीये, अशा.

तो खरडायचा, पुसायचा,
कुंचला चाटून जीभ हिरवी करायचा,
रंगाच्या डबीला आईवरून शिव्या द्यायचा.
बाप चित्र उन्हाकडे धरून बघायचा.
"फिका आहे," म्हणायचा. "मेलाय हा."

कंपनीला शंभर चित्रं हवी होती.
झाली होती शंभर,
पण एकेचाळिसावं झुरळांनी खाल्लं.
जहाज पहाटे सुटणार, वारं उलटं,
एकही होडी बाहेर नाही.
फ्लोरिसनं इकडेतिकडे पाहिलं
आणि स्वतःच्या बुटाला कल्ले काढले.
जिभेचे पर. टाचेची शेपूट.
रंग तपकिरी, चिखलाचा, जुना.
डोळा मी काढला.
हसून हसून दोघांच्या पोटात कळा.

दोन वर्षांनी पत्र आलं.
हार्लेमच्या जाणत्या मंडळींनी कळवलं होतं
की चित्रकाराला तिकडची ताडी बाधलेली दिसते.
असले मासे गोष्टींत पोहतात, पाण्यात नाही.
देव एवढा उधळ्या नाही.
एकेचाळिसावा मात्र उत्तम,
हुबेहूब,
मासा असतो तो असाच.
त्याचा एक नमुना दारूत बुडवून
पुढच्या जहाजानं पाठवावा.

फ्लोरिस हसला.
मग पत्राची घडी केली, पुन्हा उलगडली,
पुन्हा घडी केली.
त्या दिवशी त्यानं काही रंगवलं नाही.
पाण्यात पाय सोडून बसला होता,
आणि त्याच्या पांढऱ्याफटक बोटांशी
पिवळे-काळे पट्टे येत होते, जात होते,
कुणाच्या परवानगीवाचून.

पुढच्या वर्षी तापात गेला.
बूट कुणीतरी नेले.
शेंदरी रंगाची डबी माझ्याकडे राहिली.

आता योसिना, माझ्या लेकीची लेक,
ऐकते आणि म्हणते, थापा मारतोस.
मी वाद घालत नाही.
दिवस कलला की तिला धक्क्याखाली नेतो,
जिथे तुटक्या पोवळ्यांचा ढीग आहे,
आणि म्हणतो, गप्प राहा.

बोटभर मासा बाहेर येतो.
निळा. नारिंगी रेघा.
मग दुसरा. दोघं गालाला गाल लावून
वर वर येतात, अंधार पडायच्या आत,
आणि सुटतात.

योसिना बराच वेळ बोलत नाही.
एवढं नटून कुणाकडे जातात, विचारते.
मला ठाऊक नाही.
काही रंग म्हणतात, ये.
काही म्हणतात, खाशील तर मरशील.
काहींचं बापालाही कळलं नव्हतं.
ती हात पाण्यात घालते,
काढते,
तळवा उलटासुलटा करून बघते,
रंग लागला का.

"आणि तो तपकिरी? बुटासारखा?"
तो असणार, असं तिला वाटतं. तो तरी खरा.
"तो अजून सापडला नाही," मी म्हणतो.
"दर जहाजाबरोबर विचारणा येते."