मूठ सोडा

सकाळी सहा चाळीसला दांडेकर पुलावर
माझी जुनी काइनेटिक बंद पडली
आणि मला बरं वाटलं, खरं सांगते.
परत फिरायला एक कारण मिळालं होतं.
मागून रिक्षावाला ओरडला, "ताई, चोक ओढा की!"
ओढला. सुरू झाली.
सगळ्या पुण्यात याच माणसाला आज वेळ होता.

लॅबचं शटर अर्धंच वर.
वाकून आत गेले, वीस वर्षं जायचे तशी,
मधले अकरा महिने सोडून.
फरजानानं मिठी मारली नाही. बरं केलं.
म्हणाली, "तुझा एप्रन धुऊन ठेवलाय.
खिशात पेन राहिलं होतं, त्याचा डाग काही जात नाही."
डबे ठेवायचं कपाट आता दुसऱ्या भिंतीला आहे.
टोपणांचे रंग तेच,
जांभळं, लाल, करडं,
झोपेतही सांगेन कुठलं कशाचं.
भीती फक्त बोटांची होती.

माझ्या बोटांना इथे नाव होतं.
"शीर सापडत नाहीये? बाणखेलेबाईंना बोलवा."
जाडे हात, म्हातारे हात, केमोनं काळवंडलेले हात,
आईच्या पदरात तोंड खुपसून हात तेवढा बाहेर काढणारी पोरं.
एका टोचणीत.
घरी जाऊन मी त्याच्या बढाया मारायचे
आणि कुंदा म्हणायची, "हो, आमच्या घरातला डास आहे हा."

मग कुंदाच आजारी पडली.
पहिले दोन महिने तिच्या शिरा दिसायच्या तरी.
पुढे त्या लपायला लागल्या,
लहानपणी ती लपायची तशा,
गाद्यांच्या वळकटीमागे, पाय बाहेर ठेवून.
शेवटी शेवटी पायही दिसेनात.

त्या रात्री नदीपात्रात ढोलांचा सराव चालला होता,
दवाखान्याची काच थरथरत होती.
सिस्टर दमली, म्हणाली, "तुम्ही बघता का?"
मी बघितलं.
डावा हात. उजवा. मग मनगटाची मागची बाजू.
तिसऱ्यांदा सुई बाहेर काढली तेव्हा
कुंदाच म्हणाली,
"राहू दे गं ताई. आज तुला सुट्टी."

ती सुट्टी अकरा महिने पुरली.

"एक नंबर!"
पाटबंधारे खात्यातून निवृत्त, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत,
बसायच्या आधीच म्हणाले,
"तुमचा बोर्ड सातची वेळ सांगतो.
सात वाजून सहा मिनिटं झाली. मी रात्रीपासून उपाशी आहे."
मग माझ्याकडे बघून, "नवीन दिसताय."
"जुनीच आहे."
"असं? मागच्या खेपेला त्या मुलानं दोनदा टोचलं."

पट्टा बांधला. "मूठ बंद करा."
त्यांनी केली.
मीही केली होती, टेबलाखाली, डाव्या हाताची,
ते मला नंतर कळलं.
शीर बघायची नसते, चाचपायची असते,
हे मीच किती पोरींना शिकवलंय.
चाचपलं.
काही नाही.
पंखा. पंख्याचा खडखडाट. त्या काचेचा.
परत चाचपलं, कोपराच्या आत, जरा बाहेरच्या अंगाला,
आणि तिथे काहीतरी दबलं आणि वर आलं,
ताज्या इडलीवर बोट टेकवल्यावर ती येते ना,
तसं.

कुंदाला ही उपमा आवडली नसती.

"मूठ सोडा."
ट्यूब भरत गेली, गडद, शांतपणे, आपल्या गतीनं.
"झालं?"
"झालं."
"कळलंसुद्धा नाही," ते म्हणाले, जराशा तक्रारीच्याच सुरात.
कापूस मी गरजेपेक्षा जास्त वेळ दाबून धरला.

लेबलवर तारीख घातली तर मागचंच साल पडलं.
आमच्याकडे खाडाखोड चालत नाही.
ते लेबल फाडलं, दुसरं घेतलं,
आणि खिडकीतून आवाज दिला, दोन नंबर,
जरा मोठ्यानंच निघाला तो,
बाकावरचे सगळे उपाशी एकदम उठले.