शेरा

सोहार बंदर, गोदाम क्रमांक चार.
माझं राज्य एवढंच : हेल्मेट, हातमोजे, बूट.
वर्षाला एक जोड, रजिस्टरात सही,
शेवटचा रकाना शेऱ्याचा, बहुधा कोरा.

मुनीर होडेकर, क्रेनवाला, मूळचा दाभोळचा.
आला तेव्हा आठ नंबर.
दोन वर्षांनी म्हणाला, नऊ दे, चावतात.
मग साडेनऊ. मग दहा, तेही बाजूंनी उसवले.
मी म्हटलं, "चाळिशीत पाय वाढतात होय रे?"
तो हसला. तेव्हा दिसली
पुढच्या दातांमधली फट. आधी नव्हती ती.
दिसली, आणि तरी मी पेन उचललं.
शेऱ्यात लिहिलं : बूट बाहेर विकत असावा.

त्याच सुमारास त्याची साखर चढली,
आणि मेसमधले सगळे डॉक्टर झाले.
हलव्यावर बोट, खजुरावर बोट,
करक चहाच्या पेल्यावर बोट.
बिचाऱ्याने सगळं सोडलं,
रमजान संपला तरी रोजेदारासारखा राहिला.
साखर हटेना.
घोरणं असं, की खोलीतल्या पाचजणांनी
त्याची खाट पंपाच्या खोलीत हलवली.
घामाचं म्हणाल तर
जुलैत सोहारला घामाची तक्रार कोण ऐकून घेतो?
अंगठी साबणानेही निघेना,
तेव्हा वर्कशॉपमधल्या फिटरने ती कापली.
दाभोळला बायकोला कळवलं, हरवली.

मस्कतच्या डॉक्टर बसमा
साखरेचा कागद बाजूला सारून
त्याचे हात बघत बसल्या म्हणे, बराच वेळ.
मग विचारलं, काही जुनं आहे का तुझ्याकडे,
तू आधी केवढा होतास ते सांगणारं?

रात्री फोन आला : "नाना, तुमचं ते रजिस्टर."

मी पानांचे फोटो काढले.
आठ. नऊ. साडेनऊ. दहा. अकरा.
शेऱ्यावर अंगठा ठेवून काढले.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी,
तिच्यात तिच्याहून मोठी झालेली गाठ.
पीयूषिका.
शाळेत हे नाव आलं तेव्हा मागच्या बाकावर आम्ही खिदळलो होतो,
पीयूष म्हणजे उपासाचं, केशर घातलेलं, गोडमिट्ट.
ती तिथे बसून वाढ, वाढ म्हणत होती
हाडांना, जिभेला, काळजालासुद्धा,
आणि रक्तातली साखर तिचंच ऐकत होती.
आम्ही खजुराला शिव्या देत होतो.

गाठ नाकातून काढली.
नाकातून! मेसमध्ये आठवडाभर दुसरा विषय नाही.
आता तो क्रेनवर चढत नाही, खाली उभा राहून खुणा करतो.
इन्सुलिन सुटलं, एक गोळी उरली.
बोटांची सूज उतरली.
हाडं मात्र मागे फिरत नाहीत, बाईंनी आधीच सांगितलं होतं.

काल बुटांसाठी आला.
मी अकरा काढून ठेवले होते.
घालून दोन पावलं चालला.
"सैल होतात, नाना. साडेदहा बघा."
साडेदहा गोदामात नव्हते.
मी मागणी लिहायला घेतली, तो काउंटरवर वाकला,
आपलं नाव शोधत
एकेक पान मागे उलटू लागला.
मी हात आड घातला नाही.