मागचे दात

ब्यॉर्गविननं मोटर आणली ढकलगाडीवर घालून,
रजईत गुंडाळून, आजारी पोर आणावं तशी.
अठरा घोड्यांची, सत्तावन सालातली,
टोपावरचा हिरवा रंग उन्हानं खाल्लेला.

म्हणाला, "थोर्डिस, रिकामी असली की गुणाची असते.
जाळी भरून निघालो, थ्रॉटल वाढवला,
की धरते, धरते, आणि सोडून देते.
इंजिन कोकलतं, बोट जागच्या जागी.
आणि परवा वारा उत्तरेचा होता."

विनिपेग सरोवर उथळ आहे.
उथळ पाण्याला नुसता खळखळाट नसतो,
लाटा उभ्या राहतात तिथे, भिंतीसारख्या.

मी खालची पेटी उघडली.
तेल आलं दुधाळ. सील गेलेलं, पाणी शिरलेलं.
ते अपेक्षितच. दुखणं आत होतं.
दोन गियरांच्या मध्ये शाफ्टवर सरकतं एक कडं,
आम्ही त्याला कुत्रा म्हणतो.
दात दोन्हीकडे.
पुढच्या गियरला चावला की बोट पुढे,
मागच्याला चावला की मागे,
कुणालाच नाही, ते न्यूट्रल.

पुढचे दात दिव्याखाली धरले.
चघळलेल्या खडीसाखरेसारखे गुळगुळीत.

"गियर टाकतोस कसा?"
त्यानं हवेत दाखवलं:
दांडा दोन बोटांत, हळू, विचारत विचारत.
"म्हातारी आहे ना. दुखू नये."

बावीस वर्षं ह्या मायेनंच तिचे दात घासले.
अर्धवट लागलेला गियर करकरतो,
आणि दर करकरीला लोखंडाचा एक कण तेलात.
मी म्हटलं, "टाकायचा तर टाक, खाडकन.
तिला दुखत नाही.
दुखतं ते तुझ्या घुटमळण्यानं."

तो हसला नाही.
बारा वर्षं हा माणूस स्वावाच्या दारापर्यंत जायचा,
टोपी हातात घेऊन,
बर्फ कधी वितळेल यावर बोलायचा
आणि परत यायचा.
तिनं शेवटी सेलकर्कच्या सुताराशी लग्न केलं.

नवं कडं आता कुणी बनवत नाही.
मी तेच उलटं फिरवून बसवलं.
मागचे दात जवळजवळ कोरे होते.
मागे जातं कोण? धक्क्यापाशी चार हात, तेवढंच.
माघारीसाठी ठेवलेल्या त्या धारदार कडा
आता पुढे ओढतील.
"रिव्हर्सला मात्र जपून," मी बजावलं,
"मागे जाताना सुटेल कधीकधी."
"हरकत नाही," तो म्हणाला,
जरा वेळानं.

स्प्रिंग बदलली, सील बदललं,
गियरच्या दांडीचा सैलपणा काढला दोन आट्यांनी.

संध्याकाळी धक्क्याकडून आवाज आला.
खट्.
मग पाण्याचा.

सकाळी दाराशी वर्तमानपत्रात सहा गोल्डआय,
धुरावलेले, अजून कोमट.
स्वावा गेल्या शरदात परत आली आहे, एकटी,
चर्चमागच्या पिवळ्या घरात.
हे मी त्याला सांगितलं नव्हतं.
सांगायला हवं होतं का?
गिमलीत कोणाला माहीत नाही.