घट

चिखलीच्या घाटावर टेम्पो यायचा पहाटे साडेचारला.
हेडलाइटच्या झोतात
कटला आधी चमकायचा, मग विकला जायचा.
करंजाच्या फांदीला टांगलेला काटा
सदूभाऊचा, भाव सदूभाऊचा,
अंधार तेवढा आमचा.

प्रत्येक क्रेटमागं दोन किलो घट.
"पाण्याची हाय मावशी. ओलं वजन असतंय."
आणि बायजाक्का, माझी सासू,
चाळीस वर्षं नदीत कमरेएवढी उभी राहिलेली बाई,
पाण्याबद्दल त्याचं ऐकून घ्यायची.

मी लग्न होऊन आले तेव्हा
लेकराच्या जुन्या वहीत मागच्या पानापासून लिहू लागले:
तारीख, क्रेट, घट, बर्फाचे पैसे, उचल.
मरळीला वेगळा रकाना,
कारण मरळ नेहमी "बारीक निघाली" असायची.
वही संपली. दुसरी संपली.
बेरीज मी कुणाला दाखवली नाही.
घरात आधीच पुष्कळ ओल होती.

मग भिशीचे पैसे, सुगंधाचं एक कर्णफूल,
आणि ज्याला नदीत गेलो की चक्कर येते त्या नामाप्पानं
जाळी विणून साठवलेले सातशे,
असं करून लक्ष्मीपुरीतून आणला
आमचा काटा. बॅटरीचा. लाल आकड्यांचा.

पहिल्या पहाटे कुणी मासे ठेवलेच नाहीत.
बायजाक्कानं एक रिकामा क्रेट नदीत बुडवला,
निथळू न देता तसाच ठेवला,
मग कोरडा दुसरा.
मला म्हणाली, "वजा कर."

तीनशे चाळीस ग्रॅम.

कुणी बोललं नाही.
पलीकडच्या मळीवर मोटर सुरू झाली.
सुगंधा कानाच्या मोकळ्या पाळीला हात लावून बसली.
माझ्याकडं दोन वह्या होत्या,
पण त्या उघडाव्या इतका उजेड अजून नव्हता.

टेम्पो आला. सदूभाऊनं लाल आकडे बघितले,
तंबाखू झाडली, म्हणाला,
"काटा तुमचा. पण भाव गोव्याचं हाटेल ठरवतंय, मी न्हाई."
ते खरंही असेल.

"मग त्या हाटेलाचा नंबर दे,"
बायजाक्का म्हणाली,
आणि लुगड्याला हात पुसून
नामाप्पाचा मोबाइल मागायला वळली.
तो तिला धरताही येत नाही.
उलटा धरलान.

मी सरळ करून दिला.