छाट

पंचवीसचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
हा हिशेब राजव्वाला अजून येतो.
माझं नाव येत नाही.

विडी घरकुलात सगळी घरं सारखी.
तोच पत्रा, तीच मोरी, तेवढाच उंबरा.
गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी
ती कुणाच्या तरी घरात शिरून
त्यांचे तांदूळ निवडत बसली.
त्या बाईनं आधी तिला चहा पाजला, मग मला शोधलं.
तेव्हापासून दाराला चादर टांगतो,
लाल, मोराच्या काठाची, माझ्याच मागावरची,
एका कडेला दोन बोटं वीण सुटलेली.
म्हणून ती विकली गेली नव्हती.
राजव्वा येते, सुटलेल्या विणीत बोट घालून बघते
आणि आत शिरते.

डॉक्टर हिरेमठ म्हणाले, अल्झायमर.
दोन दिवस ते नाव माझ्या जिभेवर बसेना.
मी विचारलं, ताण्याचे धागे तुटतायत
आणि माग तसाच चाललाय, असं का?
ते जरा थांबले. तसंच, म्हणाले,
फक्त माग थांबवून गाठ मारता येत नाही.

आधी मीठ गेलं, शेंगाचटणीत दोनदा पडायला लागलं.
मग मराठी गेली, बाजारातली, ब्रँचमधली.
उरली तेलुगू, चुलीपुढची.
रोज सकाळी विचारते, एवरु नुव्वु? कोण तू?
सहा महिने मी खरं सांगत राहिलो:
अगं मी अंबय्या, नवरा तुझा, एक्कावन्न वर्षं झाली.
तिनं ओरबाडलं. मी ओरडलो.
एकदा हात उचलला.
तो खाली कसा आणावा, मला कळेना.
शेजारी रेडिओवर बाजारभाव चालले होते.

नळ पाचव्या दिवशी.
तिसऱ्या रात्री अंथरूण ओलं झालं
की मी बादलीकडे बघतो, बादली माझ्याकडे.
सुवर्णा पुण्याहून सांगते, बाबा, डायपर वापरा.
वापरतो. रात्रीला एक. दिवसा नशीब.

बोटं मात्र थांबत नाहीत.
मांडीवर काही नसलं तरी हवेत पान, हवेत तंबाखू, हवेत दोरा.
मग मी तिचा पत्र्याचा साचा शोधला,
जुन्या कॅलेंडरची पानं त्या मापानं कापली,
दोऱ्याचं रीळ आणलं.
भरायला भाजलेला रवा, तोंडात गेला तरी चालेल असा.
सूप मांडीवर घेतलं आणि तिची पाठ सरळ झाली.

परवा संध्याकाळी सूप घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली.
साहेब, म्हणाली, आज छाटू नका.

ब्रँचमधला तो चेकर. हजारातल्या चाळीस छाटायचा
आणि छाटलेल्याही ठेवून घ्यायचा.
ती रोज घरी येऊन सांगत असणार.
मागाच्या खडखडाटात माझे कान गेले, असं मी लोकांना सांगतो.
कान होते तेव्हाही फार काही ऐकत नव्हतो.

मी चष्मा लावला.
एक विडी उचलली, उजेडात फिरवली, तोंड दाबून पाहिलं.
छाट नाही, म्हणालो. सगळ्या पास.

तिनं हात पुढे केला.
अर्थात. मजुरी.
मी दहाची नोट दिली, ती पोलक्यात गेली.
मग इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली,
लवकर सोडा साहेब, घरी नवरा आहे.
माणूस वाईट नाही.
नुसता ऐकत नाही.

मी म्हणालो, आता ऐकतो म्हणे.

तुम्हाला काय माहीत, म्हणाली,
आणि सूप उचलून चालू लागली.

उद्या नळाचा दिवस.
रवा आणायचाय.
कॅलेंडर कापत कापत नोव्हेंबरपर्यंत आलंय.