निशाणी एकवीस

सीबीएसला उतरायचं, टायपिंगवाल्यांच्या टेबलांमधून
अंग चोरून आत शिरायचं.
पाच वर्षं. आता चहावालासुद्धा विचारतो,
ताई, आज कितवी?

आज माझा उलटतपास.

डेर्ले वकील सभ्य माणूस.
आवाज चढवत नाहीत. त्याचाही कधी चढला नाही.
"मारहाण?"
नाही.
"दवाखान्याचा कागद?"
नाही.
"शेजाऱ्यांना हाक मारली?"
शेजारी बातम्या मोठ्याने लावतात.
"मग त्रास म्हणजे नेमकं काय हो, बाई?"

नेमकं.
सातपूरला फर्स्ट शिफ्टला निघताना
तो मेन स्विच पाडायचा, पेटीला कुलूप घालायचा.
पोळ्या मोजून जायचा.
रात्री मला गॅलरीत उभं करून दार आतून लावायचा
आणि सकाळी विचारायचा, गार लागलं का गं?

सांगताना माझं मलाच ऐकू येतं,
किती बारीकसारीक आहे हे.
घरात केवढं होतं. इथे आटतं,
पहिल्या धुण्यात सुती कापड आटतं तसं.

"तारीख सांगा."
धरणातून पाणी सोडलं
आणि दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं, ती रात्र.
"तारीख, बाई."
अख्खं नाशिक पूर असाच मोजतं, साहेब.
घोटा, गुडघा, कंबर, छाती.
मारुतीला कुणी विचारत नाही
तू तेव्हा ओरडला का नाहीस.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
कागदावर उमटलं:
साक्षीदार निश्चित तारीख सांगू शकत नाही.
त्याखाली:
हे म्हणणे खरे नाही की, मी किरकोळ कारणावरून घर सोडले.
हे म्हणणे खरे नाही की, मला एकत्र राहायचे नव्हते.
वाचता वाचता कळेना
त्यांचं म्हणणं कुठे संपतं, माझं कुठे सुरू होतं.
सही तेवढी माझी.

शेवटी त्यांनी निशाणी एकवीस उचलली.
स्वयंपाकघरातलं कॅलेंडर,
फोडणीचे शिंतोडे, एका एकादशीवर हळदीचं बोट,
आणि तारखांवर पेन्सिलच्या फुल्या. एकसष्ट.
वर्षभर तो त्याच्यासमोर उभा राहून चहा प्यायचा.
एकदा म्हणाला होता, दूधवाला फार दांड्या मारतो.

"हे दुधाचे खाडे आहेत. बरोबर?"

आणि मी, ज्या भाषेत ते लिहून घेतात त्याच भाषेत,
हे म्हणणे खरे नाही.

त्यानंतर दोन तारखा नुसत्याच गेल्या.
तिसरीला मखमलाबादहून दगू पिंगळे आले.
टोपी हातात, पायात नव्या चपला, चावणाऱ्या.
खैरनार मॅडमनी विचारलं, त्या साली किती खाडे केले?

"खाडा? म्या?
म्हैस आटली तवा भावाच्या गोठ्यातून आणून घातलं.
पोरीच्या हळदीच्या दिशी बी घातलं.
एक बी खाडा नाही. घ्या लिहून."

अपमान झाला होता त्यांचा.
माझ्यासाठी नव्हे, आपल्या दुधासाठी
ते त्या कठड्याला धरून उभे होते.
"बाईंना ओळखता?"
"तोंड कमी. हात वळखतो, पातेलं धरायचा.
काही दिशी लय हालायचा—"
"विचारलं तेवढंच सांगा," डेर्ले म्हणाले.
हात कागदावर आला नाही.

पुढची तारीख चौदा.

बाहेर बाकावर त्यांनी चपला काढून पाय मोकळे केले,
माझ्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.
मग बशीत फुंकर घालत,
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"बाई, त्या फुल्या मंग कशाच्या व्हत्या?"

मी पहिल्या फुलीपासून सुरुवात केली.
मखमलाबादची एक बस गेली, दुसरी गेली.